राइट-क्लिकच्या मेनूतला पर्याय सापडत नाही तेव्हा

केळीच्या फळपीक विम्याचे अर्ज सुरू असले की चोपडा तालुक्यातल्या आमच्या छोट्या सेवा केंद्रावर सकाळपासून गर्दी असते. अशाच एका दिवशी नव्याने कामाला लागलेल्या मुलाने व्हॉट्सॲपवर आलेले पासबुकांचे आणि सातबारा उताऱ्यांचे २२ फोटो एका फोल्डरमध्ये जमवले, कंट्रोल आणि ए दाबून सगळे निवडले, राइट-क्लिक केले आणि माझ्याकडे वळून विचारले, "नाना, प्रिंट कोठे गयी?" अर्ध्या तासापूर्वी त्याने याच फोल्डरमधले चार फोटो याच मेनूतून छापले होते. मी समोरच्या शेतकऱ्याचे काम उरकून त्याच्याकडे जाईपर्यंत त्याने संगणक एकदा बंद करून चालू केला होता, प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावली होती आणि आता तो ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम, नव्याने टाकण्याच्या तयारीत होता.

बिघाड मुळात कशातच नव्हता. विंडोजमध्ये एका वेळी १५ पेक्षा जास्त फाइली निवडल्या की राइट-क्लिकच्या मेनूतून 'ओपन', 'एडिट' आणि 'प्रिंट' हे पर्याय काढून घेतले जातात. चुकून शंभर फाइली निवडून कोणी 'ओपन' दाबले, तर शंभर खिडक्या एकदम उघडून संगणक जागीच अडकू नये, यासाठी ही मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. आधी १५ आणि मग सात फोटो निवडून त्याचे काम पाच मिनिटांत झाले. ही मर्यादा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, वाढवता येते, पण आमच्यासारख्या ठिकाणी ती आहे तशीच राहू द्यावी, असे माझे मत आहे.

त्या मुलाची खरी चूक एवढीच होती, की मेनू ही आधीच तयार करून ठेवलेली यादी आहे आणि तिच्यातून एक ओळ कोणीतरी पुसली, असे त्याने गृहीत धरले. प्रत्यक्षात हा मेनू प्रत्येक क्लिकच्या वेळी नव्याने जुळवला जातो. बाण नेमका कशावर आहे, निवडलेल्या गोष्टी किती आणि कोणत्या प्रकारच्या आहेत, आणि त्या प्रकारासाठी कोणकोणत्या प्रोग्रॅमनी आपली नोंद करून ठेवली आहे, हे पाहून विंडोज त्या क्षणी यादी बनवते. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यावा. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत. बहुतेकांचे काम पहिल्या तीन पायऱ्यांतच होते, त्यामुळे शेवटच्या पायरीवर थेट उडी मारू नये.

पर्याय फिकट आहे की मुळीच नाही?

काहीही करण्याआधी मेनू उघडा ठेवून तो नीट वाचावा. पर्याय करड्या, फिकट अक्षरांत दिसत असेल, तर प्रोग्रॅमला तो ठाऊक आहे, पण या घडीला तो वापरू देता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो. काहीच कॉपी केलेले नसताना 'पेस्ट' फिकट दिसते, ते याचे सर्वात साधे उदाहरण. पर्यायाची ओळच नसेल, तर तो या जागेसाठी किंवा या प्रकारच्या फाइलीसाठी देऊच केलेला नाही. पहिल्या प्रकारात अडवणारी अट शोधायची असते आणि दुसऱ्या प्रकारात जागा किंवा नोंद शोधायची असते. फोनवर मदत मागणारे लोक दोन्हींना "ऑप्शन येत नाही" असेच म्हणतात, आणि त्यातच निम्मा वेळ जातो.

मेनूच उघडत नसेल, तर गोष्ट वेगळी. एखादी फाइल एकदा निवडावी आणि कीबोर्डवर शिफ्ट धरून एफ१० दाबावे. अनेक कीबोर्डांवर स्पेसबारच्या उजवीकडे मेनूचे चित्र असलेली स्वतंत्र कळही असते. कीबोर्डने मेनू उघडला आणि माउसने उघडला नाही, तर दोष माउसचा आहे. मग सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर डावी आणि उजवी कळ अदलाबदल झालेली नाही ना, एवढे पाहावे आणि दुसरा माउस लावून खात्री करावी. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी एकदा टेकवले की राइट-क्लिक होते. जिनिंगच्या हंगामात आमच्याकडे कापसाचे तंतू माउसच्या कळांखालीही जाऊन बसतात, तेव्हा ही शंका आधी फेडून घेतलेली बरी.

विंडोज ११ चा आखूड मेनू

सध्या सर्वाधिक विचारणा होते ती याच कारणाने. विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आले आणि त्यात राइट-क्लिकचा मेनू आखूड करण्यात आला. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून नियमित सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे, वर्षानुवर्षे जुन्या मेनूवर हात बसलेल्या अनेकांना आता नव्या मेनूशी जमवून घ्यावे लागत आहे.

या मेनूत दोन गोष्टी नवख्याला चकवतात. पहिली अशी, की 'कट', 'कॉपी', 'रीनेम' आणि 'डिलीट' हे फाइलीचे नेहमीचे पर्याय यादीत न राहता लहान चित्रांच्या एका आडव्या पट्टीत गेले आहेत. मेनू बाणाच्या वर उघडतो की खाली, त्यानुसार ही पट्टी कधी मेनूच्या माथ्यावर असते, तर कधी तळाशी. 'रीनेम' शोधणारा माणूस यादी तीनदा वाचतो, पण पट्टीकडे त्याचे लक्षच जात नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत चित्रांखाली नावेही दिसू लागली आहेत, त्यामुळे हा घोळ थोडा कमी झाला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बाहेरून टाकलेल्या अनेक प्रोग्रॅमचे पर्याय नव्या मेनूत येतच नाहीत. ज्या प्रोग्रॅमने आपली नोंद जुन्याच पद्धतीने केलेली आहे, त्याचे पर्याय मेनूच्या तळाशी असलेल्या 'शो मोअर ऑप्शन्स' या ओळीमागे ठेवलेले असतात. ती ओळ दाबली की पूर्वीचा लांबलचक मेनू उघडतो. तोच मेनू थेट हवा असेल, तर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबावे, किंवा शिफ्ट धरून राइट-क्लिक करावे. झिप फाइली (अनेक फाइलींची एकत्र बांधलेली गाठोडी) बांधणाऱ्या आणि उलगडणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅमचे पर्याय, काही प्रोग्रॅमचे छपाईचे पर्याय, विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने फाइल तपासण्याचा पर्याय, असे पुष्कळ काही तिथे जसेच्या तसे सापडते.

जुना मेनू कायमचा परत आणण्याच्या रजिस्ट्रीतल्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात. त्या चालतात, परंतु नवख्याने सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नये. शिफ्ट धरण्याची सवय दोन दिवसांत लागते आणि ती कोणाच्याही संगणकावर उपयोगी पडते.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठीही शिफ्टचा उपयोग आहेच. तिथे फाइलीचा पूर्ण पत्ता उचलणारा 'कॉपी ॲज पाथ' हा पर्याय शिफ्ट धरून राइट-क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. विंडोज ११ मध्ये तो साध्या मेनूतच आहे.

क्लिक नेमके कोठे झाले?

नवा फोल्डर करण्यासाठी लागणारा 'न्यू' हा पर्याय रिकाम्या जागेवर क्लिक केले तरच मिळतो, फाइलीवर केले तर नाही. हे सर्वांना माहीत असते, तरीही फोल्डर फाइलींनी काठोकाठ भरलेला असला की रिकामी जागा म्हणून केलेले क्लिक एखाद्या फाइलीच्या ओळीवरच पडते. अशा वेळी यादीच्या अगदी तळाशी जावे, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकदम दाबून फोल्डर करून घ्यावा.

काही जागा फोल्डरसारख्या दिसतात, पण नेहमीचे फोल्डर नसतात. शोधाचे निकाल, 'धिस पीसी' हे पान, आणि न उलगडलेल्या झिप फाइलीच्या आतली यादी या तिन्ही ठिकाणी मेनू वेगळा असतो. कार्यालयातून आलेली झिप फाइल डबल-क्लिकने उघडून तिच्यातल्या कागदांवर थेट काम करू पाहणारे लोक मी रोज पाहतो. अशांनी झिप आधी पूर्णपणे उलगडावी आणि मग उलगडलेल्या फोल्डरमध्ये जाऊन मेनू पाहावा. शोधाच्या निकालात असाल, तर 'ओपन फाइल लोकेशन' निवडून फाइलीच्या मूळ घरी जावे आणि तिथे पुन्हा क्लिक करावे.

निवडीचेही असेच आहे. 'ओपन विथ' हा पर्याय एकच फाइल निवडलेली असताना मिळतो, अनेक निवडल्या की जातो. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा प्रोग्रॅमवर किंवा त्याच्या शॉर्टकटवर मिळतो, वर्डच्या कागदावर कधीच मिळत नाही. म्हणून शंका आली की सगळी निवड काढून टाकावी, एकच फाइल निवडावी आणि पुन्हा पाहावे.

पर्याय कोणाचा आहे?

जागा बरोबर आहे, निवड बरोबर आहे, जुना मेनूही पाहिला, तरी पर्याय नाही, असे झाले तर तो पर्याय मुळात कोणत्या प्रोग्रॅमचा आहे हे ठरवावे. विंडोजचा नसलेला प्रत्येक पर्याय कोणा ना कोणा प्रोग्रॅमने तिथे ठेवलेला असतो, आणि तो परत आणण्याची सोय बहुतेक वेळा त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंग्जमध्ये असते.

सेव्हन-झिपचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. विंडोज आणि प्रोग्रॅम ३२-बिट (जुन्या) आणि ६४-बिट (नव्या) अशा दोन प्रकारांत येतात. ६४-बिट विंडोजवर या प्रोग्रॅमची ३२-बिट आवृत्ती टाकली, तर प्रोग्रॅम स्वतः व्यवस्थित चालतो, परंतु फाइल एक्सप्लोररच्या, म्हणजे फोल्डर दाखवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या, मेनूत त्याची ओळ येत नाही, कारण ६४-बिट एक्सप्लोरर ३२-बिट विस्तार (मेनूत ओळ घालणारा जोडभाग) आपल्यात चढवू शकत नाही. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षे फिरणारी जुनी सेटअप फाइल वापरली की हमखास हे घडते. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि तिच्यात 'अबाउट' उघडून 'सिस्टिम टाइप' वाचावे. विंडोज ११ असेल तर एवढेही पाहण्याची गरज नाही, कारण त्याची ३२-बिट आवृत्तीच नाही. जुनी आवृत्ती काढून ६४-बिट आवृत्ती टाकली की ओळ परत येते.

आवृत्ती बरोबर असेल, तर स्टार्ट मेनूतून सेव्हन-झिपचा फाइल मॅनेजर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा, वरच्या पट्टीतल्या 'टूल्स' मधून 'ऑप्शन्स' मध्ये जावे आणि सेव्हन-झिपच्याच नावाचे पान निवडावे. तिथे शेलच्या, म्हणजे एक्सप्लोररच्या राइट-क्लिकच्या, मेनूत प्रोग्रॅम जोडण्याची चौकट आणि त्याखाली एकेका पर्यायाच्या चौकटी असतात. हव्या त्या चौकटीत बरोबरची खूण करून 'अप्लाय' दाबावे. दुसरे प्रोग्रॅमही कमीअधिक फरकाने असेच वागतात, तेव्हा 'इंटिग्रेशन', 'शेल' किंवा 'एक्सप्लोरर' असे शब्द त्यांच्या सेटिंग्जमध्ये शोधावेत.

डेस्कटॉपवरच्या 'न्यू' मध्ये वर्ड किंवा एक्सेलची कोरी फाइल करण्याची ओळ दिसत नसेल, तर अलीकडे दुसरे एखादे ऑफिस पॅकेज टाकले होते का, ते आठवावे. त्या प्रकारच्या फाइलींची मालकी नव्या पॅकेजकडे गेली की जुनी ओळ जाऊ शकते. सेटिंग्जमधल्या 'ॲप्स' मध्ये जाऊन मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या नावापुढे 'मॉडिफाय' दाबावे आणि आधी 'क्विक रिपेअर' करून पाहावे. त्याने भागले नाही तरच 'ऑनलाइन रिपेअर' करावे, कारण त्याला इंटरनेट लागते आणि वेळही पुष्कळ जातो. ज्या दिवशी वीज ये-जा करत असेल त्या दिवशी ते हाती घेऊ नये.

उबुंटूसारख्या लिनक्सवर 'न्यू डॉक्युमेंट' दिसत नसेल, तर उपाय एका ओळीचा आहे. होम फोल्डरमधल्या 'टेम्प्लेट्स' नावाच्या फोल्डरमध्ये एक कोरी फाइल ठेवावी, म्हणजे पर्याय येतो.

प्रोग्रॅमच्या आतला मेनू

एक्सप्लोरर सोडून एखाद्या प्रोग्रॅमच्या आत राइट-क्लिक केले, तरी नियम तोच. फक्त यादी बनवणारा तो प्रोग्रॅम असतो.

एक्सेलमध्ये तळाच्या शीटच्या नावावर क्लिक केल्यावर 'इन्सर्ट', 'डिलीट' आणि 'रीनेम' फिकट दिसत असतील, तर वर्कबुक संरक्षित केलेले आहे. 'रिव्ह्यू' मध्ये 'प्रोटेक्ट वर्कबुक' उठून दिसते, तेथून संरक्षण काढावे. पासवर्ड घातलेला असेल, तर तो फाइल देणाऱ्याकडेच मागावा. सेलवरचा मेनू नेहमीपेक्षा वेगळा वाटत असेल, तर खालच्या उजव्या कोपऱ्यात पाहावे. 'पेज ब्रेक प्रिव्ह्यू' चालू असताना एक्सेल सेलसाठी निराळाच मेनू दाखवतो. वर्डच्या तक्त्यात 'मर्ज सेल्स' मिळत नसेल, तर एकाहून अधिक सेल निवडले नसावेत.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांची तक्रार निराळी असते. चुकलेल्या शब्दावर राइट-क्लिक केले, तरी दुरुस्तीचे शब्द सुचवले जात नाहीत. शब्दाखाली लाल नागमोडी रेघ असेल तरच सूचना येतात, म्हणून आधी रेघ का नाही, ते शोधावे. मजकूर निवडून 'रिव्ह्यू' मधल्या 'लँग्वेज' मधून 'सेट प्रूफिंग लँग्वेज' उघडावे, मराठी निवडावी आणि तपासणी करू नये अशा अर्थाची चौकट रिकामी करावी. यादीत मराठीपुढे तपासणीच्या खुणेचे लहान चित्र नसेल, तर मराठीची तपासणी साधनेच बसवलेली नाहीत आणि ती आधी टाकून घ्यावी लागतील. लिबर ऑफिसमध्ये मराठी ही 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या गटात येते. ती भाषांच्या सेटिंग्जमध्ये तिथे निवडावी आणि मराठीचा शब्दकोश बसवलेला असल्याची खात्री करावी.

एवढे करूनही सूचना न आल्यास मजकुराचा फॉन्ट बदलून पाहावा. आमच्याकडच्या लग्नपत्रिका आणि जुने दस्त कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेले असतात. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत. त्यांत पडद्यावर मराठी दिसत असली, तरी आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. मजकुराला मंगल फॉन्ट लावला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो, तेव्हा कारण कळते. अशा मजकुरावर मराठीची शब्दतपासणी चालूच शकत नाही. त्याला आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावे लागते.

प्रोग्रॅमच्या मेनूत कोणी हातानेच फेरफार केले असल्याची शंका असेल, तर लिबर ऑफिसच्या 'टूल्स' मधल्या 'कस्टमाइज' मध्ये राइट-क्लिकच्या मेनूंसाठी स्वतंत्र पान आहे, तिथे 'रीसेट' करता येते. 'हेल्प' मधून सेफ मोडमध्ये, म्हणजे आपल्या सेटिंग्ज आणि जोडप्रोग्रॅम बाजूला ठेवून, सुरू केल्यावर पर्याय परतला, तर दोष आपल्या सेटिंग्जमध्ये किंवा एखाद्या जोडप्रोग्रॅममध्ये आहे, हे सिद्ध होते. वर्ड आणि एक्सेल सुरू करताना कंट्रोल दाबून धरले, तर तेही सेफ मोडबद्दल विचारतात. कोरल ड्रॉ सुरू होताना एफ८ दाबून धरले की वर्कस्पेस, म्हणजे मेनू आणि पट्ट्यांची मांडणी, मूळ स्थितीत येतो. मात्र त्यात स्वतः लावलेले शॉर्टकटही जातात, त्यामुळे ते आधी बाहेर साठवून घ्यावेत. एका डीटीपीवाल्याला मी हे सांगायला विसरलो होतो, आणि ऐन लग्नसराईत त्याने मला त्याची आठवण पुरेपूर करून दिली.

ब्राउझरमध्ये राइट-क्लिक चालतच नसेल, तर ते त्या संकेतस्थळाने अडवलेले असू शकते. फायरफॉक्समध्ये शिफ्ट धरून राइट-क्लिक केले, की हा अडसर बाजूला होतो. चित्रावर 'सेव्ह इमेज ॲज' येत नसेल, तर ते चित्र पानाची पार्श्वभूमी म्हणून लावलेले असण्याचा संभव असतो.

दुसऱ्याच कोणाचा तरी घोळ

वरचे सगळे तपासून झाले, काल असलेली ओळ आज नाही, किंवा मेनू उघडायलाच पाच-दहा सेकंद लागतात, असे असेल तर एखाद्या प्रोग्रॅमचा शेल विस्तार बिघडलेला असू शकतो. प्रथम कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा, 'विंडोज एक्सप्लोरर' ही ओळ निवडून 'रीस्टार्ट' दाबावे. पडदा क्षणभर कोरा होतो. उघडी वर्डची फाइल त्याने बंद होत नाही, पण पेन ड्राइव्हवर काही कॉपी होत असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्यावे.

नोंदी साफ करून देतो असे सांगणारे फुकट प्रोग्रॅम या टप्प्यावर टाकू नयेत. मी एकदा टाकला होता. त्याने हरवलेला पर्याय आणला नाहीच, उलट स्कॅनरच्या प्रोग्रॅमची आणि झिपची अशा दोन ओळी आणखी काढून टाकल्या.

त्यापेक्षा अशा विस्तारांची यादी दाखवणारे नीरसॉफ्टचे शेलएक्सव्ह्यू हे लहान साधन वापरावे. ६४-बिट विंडोजसाठी त्याचीही ६४-बिट आवृत्तीच घ्यावी, नाहीतर निम्मी यादी दिसणार नाही. ते उघडण्यापूर्वी रीस्टोर पॉइंट करून ठेवावा, म्हणजे काही बिघडल्यास विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येते. यादीत मायक्रोसॉफ्टचे नसलेले विस्तार गुलाबी रंगात दिसतात, त्यामुळे बाकीच्यांना हात लावण्याचे कारण पडत नाही. हरवलेला पर्याय ज्या प्रोग्रॅमचा आहे, त्याची ओळ तिथे बंद केलेली दिसली, तर ती निवडून एफ८ दाबावे, म्हणजे ती चालू होते. ती चालूच असेल, तर बाकीच्या गुलाबी ओळींपैकी निम्म्या निवडून एफ७ ने बंद कराव्यात, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावा आणि मेनू पाहावा. पर्याय परतला, तर दोषी त्या निम्म्यांत आहे, नाही तर उरलेल्यांत. अशी निम्म्याने निवड घटवत गेल्यास वीस ओळींतून दोषी ओळ चार-पाच फेऱ्यांत हाती लागते. प्रत्येक फेरीत काय बंद केले ते कागदावर लिहून ठेवावे. दोषी सापडला की तेवढा एकच विस्तार बंद ठेवावा आणि बाकीच्या सगळ्या ओळी कागदावरून पडताळत एफ८ ने पुन्हा चालू कराव्यात.